अक्का आल्यावर

"पुढे मी बसायची नाही," काठी गाडीच्या मागच्या दाराला टेकवून अक्कांनी निकाल दिला. "पुढे नेहमी कोण बसायचं?"

"वहिनी," प्रेसवाले भाऊजी म्हणाले.

"मग तीच बसेल. माझं मागे बरं आहे. मागून सगळी माणसं नीट दिसतात."

भाऊजींनी दार उघडून धरले. अक्कांनी आधी सीटवरून हात फिरवला, मग तळहात उजेडात धरून पाहिला. धूळ नव्हती. मालक जाऊन सबंध पावसाळा उलटला तरी गाडी रोज पुसली जात होती, हे त्यांनी मनोमन टिपले आणि पदर सावरून त्या आत बसल्या.

गाडी बर्फवाल्यांची. बर्फवाले म्हणजे अक्कांचे पाठचे भाऊ. बंदरावरच्या शीतगृहात यंत्रांपुढे उभे राहून त्यांनी जन्म काढला. त्या परक्या गावात आपल्या माणसांची मोजकी घरे, आणि तिथे प्रत्येकाची ओळख धंद्यावरून. छापखाना चालवणारे ते प्रेसवाले, बर्फात काम करणारे ते बर्फवाले. त्यांच्या पत्नीला मात्र लहानथोर सगळेच वहिनी म्हणत. घाम निथळणाऱ्या त्या देशात बारा महिने लोकरीची कानटोपी खिशात बाळगणारा हा एकच गृहस्थ, म्हणून अख्खे बंदर त्यांना हसत असे. तेही हसत. "आठवडाभर मी हिवाळ्यात राहतो," ते सांगत, "रविवारी तुमच्या देशात येतो."

आणि खरोखरच, रविवार उजाडला की ते निघत. मूलबाळ नव्हते, होती ती ही गाडी. थर्मास, डबा, घडीच्या दोन खुर्च्या आणि वहिनी एवढे सामान भरायचे, आणि जो रस्ता अजून पायाखालून गेला नसेल तो धरायचा. मळ्यांतून गेलेले लाल मातीचे रस्ते त्यांनी पाहिले. तराफ्यावर गाडी चढवून नदी ओलांडली; तराफा मधोमध अडकला तेव्हा नावाड्याबरोबर स्वतः बांबू रेटला. दीपगृह पाहिले, गरम पाण्याचे झरे पाहिले, उजाड टेकडीवरचा गुरांचा बाजार पाहिला. तिथे जन्मलेल्या लोकांनाही जी ठिकाणे ठाऊक नव्हती, ती यांना ठाऊक होती. "ज्या गावचं मीठ खायचं त्या गावचे रस्ते तरी माहीत नकोत का?" हे त्यांचे ठरलेले उत्तर.

एकच जागा सोडून. डोंगरमाथ्यावरचे तळे.

कधीकाळी तो डोंगर आग ओकत असे म्हणतात. आता त्याच्या पोटात निळे पाणी साचलेले आहे. देशाच्या टपाल तिकिटावर तेच तळे, शाळेच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर तेच, न्हाव्याच्या दुकानातल्या दिनदर्शिकेवरही तेच. नवीन आलेला माणूस पहिल्याच सुट्टीत ते पाहून येतो. बर्फवाल्यांनी मात्र डोंगराच्या फाट्यावर दर वेळी गाडी उजवीकडे वळवली. वहिनी म्हणत, "अहो, एकदा वर जाऊन येऊ." ते म्हणत, "अक्का आल्यावर."

अक्का दर वर्षी येणार होत्या. एका वर्षी त्यांच्या सासूबाईंनी अंथरूण धरले. पुढे मुलीचे लग्न निघाले, मग सुनेचे बाळंतपण, मग नातवाची परीक्षा, मग गुडघे. घर काही त्यांना सोडीना आणि त्याही घराला सोडीनात. भाऊ फोनवर एवढेच म्हणे, "तू ये तर खरी. काय दाखवतो ते बघ." मागच्या उन्हाळ्यात शेवटी तिकीट निघाले. त्याच सुमारास बर्फवाल्यांच्या छातीत पाणी झाले. प्रेसवाले भाऊजींनी त्यांच्या उशाशी बसून किती विनवले. "चल, मी उचलून नेतो तुला. तळं आज बघितलं म्हणून काय पळून जातंय? अक्का आल्या की परत जाऊ." त्यावर धाप सावरत ते म्हणाले, "पाहुणा यायच्या आधी यजमानाने जेवून घ्यायचं होय रे?"

अक्का आल्या, तेव्हा भिंतीवरच्या फोटोला हार घातलेला होता.

पहिल्याच सकाळी वहिनींनी कपाटातले सोनेरी काठाचे कप काढले. अक्कांनी चहा संपवून कप उलटा करून पाहिला. तळाशी दुकानाची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली होती.

"नवे घेतलेस माझ्यासाठी?"

"नाही वन्सं. आहेत कधीचे. वापरले नव्हते."

अक्कांनी कप सुलटा करून बशीत ठेवला. त्यांची नजर समोरच्या दिनदर्शिकेवर गेली. "हे तळं इथलंच ना? बाळने बघितलं होतं?"

साठी उलटलेल्या, कानांवर पांढरे केस आलेल्या माणसाला बाळ म्हणणारे जगात हे एकच तोंड उरले होते. ते तोंड इतके थकलेले, इतके वाट पाहणारे होते की वहिनींच्या मुखातून आपसूक निघून गेले, "हो तर. कितीतरी वेळा."

"मग मला तिथे ने. तो जिथे जिथे उभा राहिला तिथे मला उभं राहायचंय. बाकीचा तुमचा देश राहू दे. त्याने न पाहिलेल्या जागा बघून मी काय करू?"

बोललेला शब्द परत घेता येत नाही. आणि खरे सांगायचे, तर कोणत्या तोंडाने सांगायचे? 'तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं, म्हणून ते न बघताच गेले,' हे वाक्य सत्तरी ओलांडलेल्या बहिणीच्या पदरात टाकून तिला विमानात बसवायचे? वहिनींनी त्याच दुपारी छापखाना गाठला.

"भाऊजी, उद्या तोंडाला कुलूप."

"वहिनी, माझा जन्म छापखान्यात गेला. जे छापायचं नाही ते मी कधी छापलेलं नाही," भाऊजी म्हणाले खरे; पण बोलताना त्यांनी चष्मा काढून विनाकारण पुसला.

गाव मागे पडले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीची बने लागली. अक्का मागून प्रश्न विचारीत होत्या आणि उत्तरे पसंत पडली नाहीत तर दुरुस्तही करीत होत्या.

"हे झाड कसलं?"

"ठाऊक नाही, अक्का. सावली चांगली देतं."

"इतकी वर्षं राहून झाडाचं नाव ठाऊक नाही? बाळला ठाऊक असणार."

"त्याला असणारच. तो त्यांच्याशी बोलायचा. मी आपला छापलेलं तेवढं वाचणारा."

अक्का हसल्या. आल्यापासून प्रथमच. वहिनींनी समोरच्या आरशात ते पाहिले आणि त्यांना हायसे वाटले.

फाट्यावर एक म्हातारी छत्रीखाली कलिंगडे मांडून बसली होती. अक्कांनी गाडी थांबवायला लावली, काच खाली करून बोटानेच एक कलिंगड निवडले, ते वाजवून घ्यायला भाऊजींना सांगितले आणि ते वाजवत असताना स्वतः कान लावून ऐकले. म्हातारीने तिथेच त्याच्या फोडी करून डब्यात भरून दिल्या.

"बाळची गंमत सांगते," गाडी सुरू होताच अक्का म्हणाल्या. "एवढासा होता. उन्हाळ्याचे दिवस, घरात कलिंगड आणलेलं, आणि मामा जेवायला यायचे होते. आई माजघरात. याने पहिल्या फोडीला हात घातला. मी अशी चापट मारली! म्हटलं, मेल्या, आधी पाहुण्याला. पाहुण्याच्या आधी खाल्लं तर ते चोरीचं. मामांचा पत्ताच नाही. हा फोडींसमोर मांडी घालून बसला. मी म्हटलं, जा खेळायला. हलेना. तसाच झोपून गेला भिंतीला टेकून. आणि मामा काही त्या दिवशी आलेच नाहीत. गाडी चुकली त्यांची."

"मग फोडी?" भाऊजींनी विचारले.

"नासल्या. गाईला घातल्या." अक्का हसत होत्या. "पण तेव्हापासून गुण आला हो पोराला. पुन्हा कधी पाहुण्याच्या आधी हात लावला नाही कशाला. माझी शिस्त!"

भाऊजींनी एकाएकी गियर बदलला. वहिनी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. नुसती दरड होती.

दोघांपैकी कुणीच हसले नाही. अक्कांचे हसू हळूहळू एकटे पडले आणि थांबले. मागून त्यांना दोन पाठमोरी डोकी दिसत होती. पुढचा घाट त्यांनी एकही प्रश्न न विचारता काढला.

वर गाड्या लावायला मोकळे पटांगण होते. एक रखवालदार झाडाखाली बसला होता. वहिनी उतरून त्याच्याकडे गेल्या आणि तिथल्या भाषेत त्याच्याशी काही बोलल्या. तो उठला, हात लांब करून त्याने डावीकडच्या पायऱ्या दाखवल्या, मग बोटे वळवून पुढचे वळण दाखवले. वहिनी मान डोलावत होत्या. अक्कांना ती भाषा येत नव्हती. हात मात्र सगळ्यांनाच वाचता येतात. काठीवर दोन्ही तळवे ठेवून त्या पाहत उभ्या होत्या.

"भाऊजी," त्यांनी हलकेच विचारले, "तुम्ही नाही येत?"

"मी इथंच थांबतो, अक्का. गाडी सावलीत घ्यायचीय." गाडी सावलीतच होती.

पायऱ्या रुंद होत्या, पण ओलसर. वहिनींनी अक्कांचा दंड धरला. एरवी कुणाला हात लावू न देणाऱ्या अक्कांनी तो धरू दिला. दोन्ही बाजूंनी गर्द झाडी, पाण्याचा मागमूस नाही. वळण आले. झाडी अचानक संपली.

खाली, डोंगराच्या ओंजळीत, ते पाणी होते. कोणत्याही तिकिटावर आणि दिनदर्शिकेवर ते तसे उतरलेले नव्हते. ढगाची एक सावली त्याच्यावरून सावकाश सरकत होती, आणि जिथून ती हटे तिथला निळा रंग जणू आत्ताच जन्माला येत होता. कुठे लाट नाही, आवाज नाही.

अक्कांच्या दंडावरचा हात सुटला. वहिनी दोन पावले पुढे झाल्या. त्यांचे तोंड लहान मुलीसारखे उघडे राहिले होते. त्या झटकन उजवीकडे वळल्या, जिथे गाडीत, गर्दीत, तराफ्यावर, आयुष्यभर एकच माणूस असे, आणि म्हणाल्या, "अहो, बघा ना!"

उजवीकडे कठडा होता.

दाखवण्यासाठी उंचावलेला हात तसाच क्षणभर राहिला, मग त्याने उगीच कपाळावरचे केस मागे सारले. अक्कांकडे पाहण्याचे धैर्य वहिनींना होईना.

खाली ढगाची सावली काठाला लागली आणि झाडीत शिरली.

"बाळ कुठे बसायचा?" अक्कांनी विचारले.

आवाज नेहमीचाच होता, खणखणीत. वहिनींनी भोवताली पाहिले. कठड्यापासून जरा मागे एका झाडाखाली दगडी बाक होते.

"तिथे," त्या म्हणाल्या.

अक्का बाकापाशी गेल्या. त्यावर शेवाळ होते, पाचोळा होता. त्यांनी पदराने मधली जागा पुसली. नीट, कोपऱ्यांसकट, जसे पाहुण्याचे पाट पुसावेत. मग स्वतः एका टोकाला, न पुसलेल्या दगडावर बसल्या.

"तू त्या बाजूला बस."

वहिनी दुसऱ्या टोकाला बसल्या. मध्ये एका माणसाची जागा रिकामी राहिली.

"माझ्यासाठी चांगलं जपलंत हो तुम्ही दोघांनी," पाण्याकडे पाहत अक्का म्हणाल्या.

वहिनी चटकन त्यांच्याकडे वळल्या. "वन्सं, मी..."

"काही बोलू नकोस." त्यांनी काठी बाकाला टेकवली. "डबा दे."

वहिनींनी डबा पुढे केला. अक्कांनी झाकण काढून ते मधल्या पुसलेल्या जागेवर ठेवले. फोडींवरून त्यांचा हात फिरला. सगळ्यांत लाल, सगळ्यांत मधली अशी एक फोड त्यांनी निवडली आणि झाकणात ठेवली. लहानपणी ज्या हाताने चापट मारली होती तोच हात असावा.

"घे, बाळ," त्या म्हणाल्या.

मग दोघीजणी समोर पाहत बसून राहिल्या. ऊन वाढले, डब्यात रस सुटला. पण पाहुण्याचे खाऊन होईपर्यंत थांबावे तसे, दोघींपैकी कुणीही डब्याला हात लावला नाही.