रँडलची विजेची सायकल

आमच्या मोंटानात यंदा रँडल विजेची सायकल घेऊन शिकारीला निघाला. खेचर घेऊन निघालेल्या आत्याला, व्हर्नाला, म्हणाला, "आत्या, या म्हाताऱ्या खेचराला आता पेन्शन दे!"

बारा मैल आत जाऊन त्याने एल्क जातीचं भलंमोठं हरीण पाडलं. एक मांडी सायकलवर लादली, बाकीचं मांस झाडाला टांगलं आणि निघाला. पहिल्याच चढावर बॅटरीने मान टाकली. सायकल ढकलून ढकलून त्याच्या तोंडाला फेस आला.

तेवढ्यात मागून व्हर्ना आली. "काय रे, चार्जर कुठल्या झाडाला लावतोस?"

"थट्टा नको, आत्या. हे खेचरावर घे ना."

"एकच घेईन. मांस की सायकल?"

"सायकल. नवीन आहे गं!"

व्हर्नाने सायकल खेचरावर बांधली. रँडल मांडी खांद्यावर टाकून मागे चालू लागला. उरलेल्या मांसापायी त्याने पुढे तीन दिवस पायपीट केली.