वनजाचं पोलकं

अठ्ठ्याहत्तर साली दसऱ्याच्या तोंडावर माझी धाकटी जाऊ वनजा काजं करायला बसली आणि दुपारपर्यंत तिनं एक काज केलं. एक. कानडी मुलखातलं आमचं घर शिंप्याचं, पुढच्या खोलीत दुकान, गिऱ्हाइकं दारात.

"सुम्ने, रिकामी काय बसलीस गं? काम पडलंय एवढं."

"करते, अक्का," म्हणाली, आणि सुई हातात धरून तशीच बसली.

उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं. घरात कुणी गेलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला, निवृत्तीभावजींना, बेळगोळच्या कारखान्यात बरी नोकरी, व्यसन नाही. मग हिला धाड काय भरली, असं मला वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायची. नणंद अंबूताई दर आठवड्याला हुणसूरहून बसनं लिंबं घेऊन यायची. "दृष्ट लागलीय. एकादशीच्या भजनाला बसव, मन रमेल." बसवली. वनजा अभंगभर टाळ नुसते धरून होती. घरी येताना मी वाटभर तिच्यावर तणतणले.

तिची पोलकी सैल व्हायची, ते मात्र मला लगेच दिसायचं. "काढ इकडे" म्हणायचं आणि बगलेतून शिवण आत घ्यायची. चारचौघांत बावळी दिसू नये, एवढीच माझी काळजी.

त्या दुपारीही तिचं निळं पोलकं खांद्यावरून उतरलं. मी वैतागून ते काढायला लावलं, उलटं केलं. आत माझ्याच हातच्या तीन शिवणी, एकीच्या आत एक. चौथी कुठून घालावी ते बघत होते, आणि मशीनच्या चाकावरचा हात तिथंच राहिला.

"वनजा, तू जेवतेस ना?"

"बसते की ताटावर."

"काय होतंय तुला?"

"काहीच होत नाही, अक्का. तेच तर सांगायचं होतं. रडूसुद्धा येत नाही. सकाळी वाटतं, उठायला नको, आणि परवा वाटलं, कधीच नको."

माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. वनजानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीपण लिंबू उतरवणार?"

मी गप्प बसले. मला गप्प बसायची सवय नाही. फार जड गेलं. गिऱ्हाइकाला परवा या म्हणून सांगितलं आणि दार लोटून तिच्याजवळ बसले. मग ती म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर असतो म्हणे. याल? एकटीला नाही जमणार."

अंबूताई म्हणाली, लोक वेडी म्हणतील. म्हणू देत म्हटलं, आणि सैल पोलक्यातच वनजाला घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी बोलावलं. लगेच काही गुण आला नाही. कधी ती गोळी थुंकायची, कधी मी चिडून रांग सोडून बाहेर यायची आणि पाच मिनिटांनी परत आत जायची.

माघात एक दिवस वनजा स्वतःहून ते पोलकं घेऊन आली. "अक्का, बगलेत काचतंय."

मी एक शिवण उसवली. बाकीच्या दोन तशाच ठेवल्या.

अंबूताई तेव्हा तिथंच बसली होती. "बघ, आला की नाही लिंबाचा गुण," ती म्हणाली. वनजानं माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी हसली. मग मीही अंबूताईला काही बोलले नाही.