मागच्या खोलीतलं काम

अक्कलकुव्यातलं नथमलशेठचं कापडाचं दुकान दोन माणसं चालवतात. पाटीवर नाव एकाचंच आहे. शेठ गल्ल्यावरून ओरडतात, "लाल लुगडं, जोडीला ब्लाऊजपीस!" आणि पडद्यामागच्या खोलीतून हुलासबाई रंगाला रंग जुळवून कापड पुढे सरकवतात. छत्तीस वर्षं.

मुलगा मयंक पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. त्यानं दुकानासाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला. त्याला एकच खोड होती: लेबलं छापायला लागली की अख्खा स्क्रीन गोठायचा. शेठही गोठायचे. गिऱ्हाईक शेजारी जायचं.

मयंकनं छपाई वेगळ्या थ्रेडवर टाकली. "कोड तोच आहे बापूजी, फक्त मागे बसवला. तो मागे छापत बसेल, पुढे तुमचं अडणार नाही."

"म्हणजे तुझ्या आईसारखं." शेठना कॉम्प्युटर पहिल्यांदाच समजला.

चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी लक्षात आलं, मंगळवारपासून एकही लेबल निघालेलं नाही. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता.

"मग बोंबलला का नाही?"

"बोंबलला, पण मागे. मागच्या कामात चूक झाली तर ती तिथंच पडून राहते. पुढच्यानं विचारावं लागतं, झालं का म्हणून. ते लिहायचं मी विसरलो."

"मोठा इंजिनिअर!" शेठ मनापासून खूश झाले.

तेवढ्यात डोंगरातल्या सोनीबाईंनी गल्ल्यावर तपकिरी ब्लाऊजपीस आपटला. "शेठ, लुगडं लाल शे, अन् हाई काय दिधं? कत्थी! या महिनामा दुसरी येळ!"

शेठनी ओरडायला पडद्याकडे तोंड वळवलं. पण ओरडले नाहीत. उठून आत गेले. समोर गिऱ्हाईक असताना ते गल्ल्यावरून उठल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

आत हुलासबाई एक कापड खिडकीशी नेऊन, नाकाला लावून बघत होत्या.

"दिसत नाही का गं?"

"उजव्यानं धुरकट दिसतं. दिवाळीपासून."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रंग विचारत होतात. डोळ्याचं कुठं विचारलंत?"

शेठ तिथल्याच एका गठ्ठ्यावर बसले. बाहेर सोनीबाई, मयंक आणि प्रिंटर, तिघंही थांबून राहिले.

नंदुरबारला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता दर लुगड्यामागे शेठ पडदा सारून आत डोकावतात. "मिळालं. बरी आहेस ना?" आणि आतून उत्तर आल्याशिवाय पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत. त्यात दुकान अडतं. मयंकनं ते अजून दुरुस्त केलेलं नाही.