रिकामी दाखवलेली इमारत

मला माणसं ओळखता येतात, असा माझा समज होता. आयुष्यभर पोरांना फिजिक्स शिकवलं की तो कुणाचाही होतो. आल्हादनं तो एका दुपारीत धुऊन काढला.

आल्हाद माझा विद्यार्थी. राइट टाउनमधल्या आमच्या कॉलेजात संध्याकाळचा विभाग आहे. दिवसा पोटापाण्याला लागलेली मुलंमुली तिथं शिकायला येतात. आल्हादही तिथलाच. वडील खमरियाच्या फॅक्टरीत, हा दिवसभर मोटर-वाइंडिंगच्या दुकानात, आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून पेंगायचा. मी त्याला हाक मारून जागं करायची आणि वर्ग सुटल्यावर घरी नेऊन वरणभात वाढायची. पुढे तो इंजिनियर झाला, इमारतींच्या वीजवापराचं ऑडिट करू लागला. कॅम्पस विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण करायचा असं प्राचार्यांनी ठरवलं, तेव्हा त्याचं नाव मीच सुचवलं. चांगलं छाती फुगवून सुचवलं.

ऑडिट म्हणजे आधी झडती. कोणती वस्तू किती वीज खाते, कुणासाठी खाते आणि फुकट किती खाते, ते खोलीखोलीत जाऊन बघायचं. छतावरच्या सोलर पॅनेलमधून वर्षाला ठरावीकच वीज मिळणार. खर्च तिच्या आत बसवला की कॅम्पस स्वयंपूर्ण. मी आल्हादबरोबर सगळीकडे हिंडले. टाकी भरून वाहत असली तरी पंप आपला चालूच. होस्टेलचे पंखे आजोबांच्या वयाचे. आणि सगळ्यांत खादाड निघाले ते प्राचार्यांच्या मजल्यावरचे जुनाट एसी; खोलीत माणूस नसतानाही खोली गार. मला फार मजा आली. लग्नाच्या पंगतीत कोण किती हाणतो ते बघत फिरावं, तशी.

एक दिवस आल्हाद म्हणाला, "मॅडम, संध्याकाळची बिल्डिंग एकटी किती वीज खाते ते पाहायचं आहे. एक हप्ता क्लास बाहेर घेता का?"

"काहून? बाहेर मच्छर फोडून खातात."

"माणसं नसतानाचं रीडिंग पाहिजे. मंग माणसं असतानाचं घेऊ, अन् दोन्हीतला फरक काढू. पद्धतशीर करून राहिलो, मॅडम. तुमचाच स्टुडंट आहो."

म्हणणं रास्त होतं. मी वर्गात विचारलं. दिवसभर राबून आलेली माणसं ती, कुरकुर झालीच. तेव्हा क्षमा उठली. क्षमा गोहलपुरात सलवार-सूट शिवण्याच्या कारखान्यात बसते, दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिलीच. ती म्हणाली, "चलो, एक हप्त्याचाच तर सवाल आहे. मॅडम म्हणतात तर काही कामाचंच असंल."

आणि ती सगळी बाहेर बसली. सायकल स्टँडच्या शेडखाली सतरंज्या टाकून, घरून चार्ज करून आणलेले दिवे मधे ठेवून. मी फळ्याशिवाय शिकवलं. मागे इमारत अंधारात उभी होती आणि आम्हाला त्याचं कौतुकच वाटत होतं.

माणसं असतानाचं रीडिंग घ्यायला आल्हाद आलाच नाही. विचारलं की म्हणायचा, "करतो न, मॅडम." मला शंकासुद्धा आली नाही. आपल्या माणसाची शंका कोण घेतं?

मग मीटिंग झाली. आल्हादनं पडद्यावर एकेक इमारत दाखवली. आमच्या इमारतीसमोर लिहिलं होतं, संध्याकाळी माणसांचा वापर जवळजवळ नाही, तरी वर्षाचा वीजखर्च मोठा. उपाय: इमारत बंद करावी. एसीचं नाव कुठंही नव्हतं. आमची इमारत वजा केली की उरलेला कॅम्पस पॅनेलवर चालत होता, झाला स्वयंपूर्ण. प्राचार्य म्हणाले, "मुलंच येत नसतील तर विभाग कशाला चालवायचा? नव्या सत्रापासून बंद. ज्यांची वर्षं राहिली, त्यांनी दिवसाच्या वर्गात बसावं." रोज संध्याकाळी गेटवर होणारी गर्दी त्यांना दिसत नव्हती असं नाही. हा विभाग त्यांना कधीचा नको होता, फक्त कारण हवं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले. "त्या आठवड्यात आम्ही बाहेर बसलो होतो. याच्याच सांगण्यावरून."

प्राचार्यांनी आल्हादकडे पाहिलं. एक वाक्य बोलला असता तरी विभाग वाचला असता. तो म्हणाला, "रीडिंग सही है, सर. मैडम खुद मौजूद थीं. उनका तो नाम भी दिया है रिपोर्ट में."

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी त्याला गाठलं. "आल्हाद, तू त्याच वर्गात शिकलास."

"एसी बदला म्हटलं असतं तर माझं कामच गेलं असतं, मॅडम. पुढचं मेंटेनन्स मलेच देऊन राहिले. अन् तुमचं काय जाते? तुमचे दिवसाचे क्लास आहेतच."

"माझ्या घरचं जेवलास रे."

"म्हणून तर तुमचं नाव टाकलं," तो म्हणाला. आणि तो अगदी मनापासून बोलत होता. केसानं गळा कापून वर मलाच मान दिल्यासारखं बघत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. रागही नीट येईना. समोर उभा आहे तो कोण, एवढंच कळेना.

संध्याकाळी वर्गाला सांगणं भाग होतं. मी काही लपवलं नाही. इमारत रिकामी दाखवली, विभाग बंद होणार, शेवटचं वर्ष दिवसा करावं लागेल. दिवसा. क्षमाचा मालक तासाभराची सुटी देत नाही, तो वर्षभर दिवसा कॉलेजला काय सोडणार? ते तिलाही कळलं होतं आणि मलाही. प्राचार्यांकडे पुन्हा जाईन, वर अर्ज करीन, असं मी बोलत होते. कुणी मान हलवत नव्हतं.

बाकीचे गेल्यावर क्षमा जवळ आली. "मॅडम, तुम्हाले माहीत होतं?"

"नाही गं. खरंच नाही."

"अच्छा," ती म्हणाली. "रिपोर्टात तुमचं नाव आहे म्हणतात, म्हणून विचारलं."

"क्षमा, मलाही फसवलं त्यानं."

"राहू द्या, मॅडम."

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. दुपारी मी आल्हादकडे जशी पाहत उभी होते, तशीच ती माझ्याकडे पाहत होती.