गार पोटाची शेगडी

रुमाल पांढराच राहिला, आणि गोदामभर माणसांनी रोखून धरलेला श्वास एकदम सोडला.

लोकरीचं जुनं गोदाम होतं ते. माणसं पोत्यांवर, जिन्यावर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती. मधल्या चौथऱ्यावर, दोरीच्या कुंपणाआड, एक गोल काळी शेगडी भडकली होती. तिच्या तोंडात निर्धूर महाराजांनी एकेक करून ओलं लाकूड, भुसा, मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं आणि कुणाच्या तरी फाटक्या चपलेचा तळवासुद्धा टाकला. ज्वाळा तश्शाच. धुराचा टिपूस नाही. वर धरलेल्या रुमालावर काजळीचा ठिपका नाही.

"काहीही घाला, लेकरांनो!" महाराज हात उंचावून म्हणाले. "हा अग्नी खातो, पण ओकत नाही! माणसानं धुराडं का बांधलं? कारण त्याचा अग्नी अपवित्र होता. आमच्या शेगडीला धुराडं नाही, कारण तिला लपवायचं काही नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पत्रेवाल्याला मात्र टाळी वाजवावीशी वाटेना. गेली बावीस वर्षं तो पत्र्याच्या शेगड्या आणि धुराडी करत आला होता. शहराच्या निम्म्या छपरांवरची धुराडी त्याच्या हातची होती. ओलं लाकूड धुराशिवाय जळताना त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. पण तोंड उघडायची सोय नव्हती. आदल्याच दिवशी चौकात तो काहीतरी बोलला, तर लोकरवाली बाई फाडकन म्हणाली होती, "बरोबर आहे, तुमचा धंदा बसतोय ना!"

घरी मात्र त्याला बोलावंच लागलं.

"धुराडं नसलेली शेगडी घरात नको," तो म्हणाला.

बायको चुलीपुढून उठली. डोळे नेहमीसारखे लालभडक. "गावभर धुराडी बसवलीत तुम्ही. आणि आपल्या स्वयंपाकघरात काय आहे? गंजका पाइप, तोही सांध्यात फुटलेला. किती वर्षं झाली 'उद्या करतो' म्हणताय?"

"अगं, कामाच्या गडबडीत..."

"मला खोकल्यानं रात्र रात्र झोप नाही. महाराजांकडे काजळी नाही, हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही काय दाखवलंत मला?"

ती स्वतः जाऊन महाराजांकडून तशीच दिसणारी शेगडी विकत घेऊन आली आणि तो गप्प बसला. पुढे कित्येक दिवस त्याला स्वतःचा राग यायचा तो या गप्प बसण्याचाच.

शेगडीबरोबर नियमही आले. पहिले चाळीस दिवस फक्त महाराजांकडचा 'सिद्ध कोळसा' जाळायचा, त्यानंतर वाटेल ते. दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, वारा लागला की सिद्धी उडून जाते. दाराखालच्या फटीत कापड कोंबायचं. डोकं जड झालं, मळमळलं, तर घाबरायचं नाही. "वर्षानुवर्षांचा धूर अंगातून बाहेर पडतोय," महाराज समजवायचे, "तो जाताना थोडा भांडणारच!"

पहिल्या आठवड्यात बायको खरंच खूश होती. भिंती काळ्या होत नव्हत्या, डोळे चुरचुरत नव्हते. ती गुणगुणत काम करायची. थंडी कडाक्याची होती, त्यामुळे खिडकी बंद ठेवण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी तिचं डोकं ठणकू लागलं. पाय लटपटू लागले.

"डॉक्टरीणबाईंना दाखवून ये."

"महाराजांनी सांगितलंच होतं असं होईल म्हणून."

समोरच्या घरात घड्याळवाले काका राहायचे. एकटा जीव, सत्तरीचा. दिवसभर पुढच्या खोलीतल्या दुकानात डोळ्याला भिंग लावून लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करत बसायचे. पत्रेवाल्याशी त्यांची जुनी दोस्ती. येता-जाता एकमेकांना कोपरखळ्या मारल्याशिवाय दोघांचा दिवस जायचा नाही. शेगडी काकांनीही घेतली होती.

"तुझ्या धुराड्यातून अर्धी ऊब आकाशाला जाते रे," ते चिडवायचे. "मी काय आकाश गरम करायला जळण आणतो का?"

एका सकाळी काकांचं दुकान उघडलं नाही. पत्रेवाल्यानं दार ढकललं तेव्हा काका खुर्चीत बसलेले दिसले. भिंग डोळ्यावर, चिमटा बोटांत, मान किंचित कललेली. गाल लहान मुलासारखे गुलाबी. अंग मात्र थंडगार.

डॉक्टरीणबाई आल्या, तपासलं, वय विचारलं आणि दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहून गेल्या. त्यांच्या मागोमाग महाराज आले. काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी डोळे मिटले.

"बघा, बघा हे तेज! मेलेल्या माणसाचा चेहरा असा असतो? हे मरण नव्हे, ही समाधी! शुद्ध अग्नीपुढे बसून हा जीव ज्योतीत मिसळला!"

काकांचा पुतण्या महाराजांच्या पाया पडला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घराघरांत पोचली आणि दुसऱ्या दिवशी गोदामासमोर रांग दुप्पट झाली. पत्रेवाला आपल्या दुकानात पत्रा कापत बसला, पण कातर सरळ चालेना. तो गुलाबी चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. काहीतरी चुकतंय हे त्याला आतून कळत होतं, पण काय चुकतंय ते सांगता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला. दार आतून घट्ट. हाक मारली, उत्तर नाही. खांद्यानं दार रेटलं तेव्हा खाली कोंबलेलं कापड घसरलं आणि आतली कोमट, कोंदट हवा तोंडावर आली. धूर नव्हता. वासही नव्हता. शेगडीत निखारे शांतपणे लाल दिसत होते. बायको भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर अर्धवट सोललेले बटाटे, कपड्यांवर उलटी. डोळे अर्धे उघडे, पण नजर कुठेच नाही.

"अगं ए! ऊठ!"

तिची मान लुळी पडली. त्यानं तिला काखेत धरून ओढलं. चार पावलांत त्याचंच डोकं गरगरलं, गुडघे वाकले. कसाबसा तो तिला घेऊन उंबऱ्याबाहेर आला आणि रस्त्यावर बसून बोंब मारली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा लावला. पाऊण तासानं ती कण्हली. नवऱ्याचा हात चाचपला आणि पुन्हा डोळे मिटले. पण आता श्वास नीट चालला होता.

"घरात काय पेटवलं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यानं सांगितलं. कोळसा, बंद खिडक्या, फटीतलं कापड. ऐकता ऐकता बाई खुर्चीत बसल्या.

"समोरच्या काकांकडेही हीच शेगडी होती?"

"हो."

बाई म्हणाल्या, "त्यांचे गाल गुलाबी होते. मी पाहिलं होतं. म्हातारा माणूस, थंडीचे दिवस... मी खोलीत कोपऱ्यात काय आहे ते बघितलंच नाही. घाईघाईनं सही केली." त्या त्याच्याकडे वळल्या. "कोळसा पुरेशा हवेशिवाय जळला की एक विषारी वायू तयार होतो. कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. माणूस गुंगत गुंगत जातो. मेल्यावर चेहरा गुलाबी दिसतो तो त्याच्यामुळेच."

"म्हणजे समाधी..."

"गुदमरणं. समाधी कसली?"

पत्रेवाला उठला. "बाई, आज चार वाजता त्या महाराजाचा खेळ आहे गोदामात. तुम्ही चला. मी एकटा बोललो तर लोक म्हणतील, धंद्यासाठी बोंबलतोय."

बायकोपाशी नर्सला बसवून दोघं निघाले. जाताना त्यानं दुकानातून एक ओंडका उचलला, ओला, वीतभर लांबीचा. त्यावर निळ्या खडूनं मोठी फुली मारली.

गोदाम तुडुंब भरलं होतं. महाराज रंगात आले होते. कुणी गोवऱ्या देत होतं, कुणी काटक्या, कुणी मक्याची बुरकुंडं, कुणी चपलेचा तळवा. पत्रेवाल्यानं आपला ओंडका पुढे केला.

"अरे, पत्रेवाले! तुम्हीसुद्धा शरण आलात?" महाराज हसले. लोकही हसले. ओंडका शेगडीच्या तोंडात गेला. ज्वाळा तश्शाच राहिल्या. रुमाल पांढराच राहिला. टाळ्या पडल्या.

"महाराज, मला एक शंका आहे," डॉक्टरीणबाई पुढून म्हणाल्या. "या शेगडीपुढे बसून डोकं का दुखतं?"

महाराज त्यांच्याकडे वळले आणि अंगातल्या धुराच्या भांडणाची कथा सुरू झाली. तेवढ्यात पत्रेवाला दोरीखालून आत शिरला आणि त्यानं शेगडीच्या बुडावर तळहात ठेवला.

तो चमकला. दुसराही हात ठेवला.

"ओ! हात लावू नका! सिद्ध अग्नी आहे!" एक चेला धावला.

"गार आहे," पत्रेवाला म्हणाला. मग मोठ्यानं ओरडला, "शेगडीचं पोट गार आहे! तासभर लाकूड जळतंय आणि खालचा पत्रा माझ्या कपाळाइतका गार! बावीस वर्षं शेगड्या करतोय मी. राख पडते ती जागा तापते. दाखवा, राख कुठेय?"

"राखेची राख झाली!" महाराज म्हणाले. "आमचा अग्नी काही शिल्लक ठेवत नाही!"

"मग खालचा खण उघडायला हरकत नसावी."

चेल्यानं त्याची कॉलर धरली. तेवढ्यात लोकरवाली बाई पोत्यावरून उतरली. "अहो, उघडू द्या की! पवित्र आहे ना? मग भ्यायचं कशाला?"

"उघडा! उघडा!" मागून आवाज आले.

पत्रेवाल्याला खटका शोधायला वेळ लागला नाही. असे खटके तो रोज बसवत होता. त्यानं बुडाचा पत्रा सरकवला आणि खालून सगळं भडाभडा बाहेर आलं. मक्याची बुरकुंडं, काटक्या, गोवऱ्या, चपलेचा तळवा. सगळं टाकलं होतं तसंच, एकावरही जळल्याची खूण नाही. शेवटी त्याचा ओंडका घरंगळत चौथऱ्याच्या काठाशी आला. निळी फुली जशीच्या तशी.

माणसं ती फुली बघायला दोरीपर्यंत पुढे सरकली.

"मधे सरळ नळी आहे," पत्रेवाला आत वाकून म्हणाला. "वरून टाकलेलं थेट खाली पडतं. नळीभोवती ही गोल पोकळ कडी, आणि कडीत स्पिरिट. जळतंय ते एवढंच. दवाखान्यात ज्याचा दिवा लावतात तेच. त्याला धूर कसा येणार? काजळी कशी येणार?"

महाराज क्षणभरच गोंधळले. मग दोन्ही हात वर करून म्हणाले, "लेकरांनो, अग्नीनं लाकडाचा आत्मा घेतला आणि देह परत केला!"

एकजण हसला. मग दहाजण. मग सगळं गोदाम हसलं, आणि ते हसणं हळूहळू रागाकडे झुकू लागलं. पण डॉक्टरीणबाईंनी चौथऱ्यावर चढून जोरात टाळी वाजवली.

"हसू नका आणि मारामारीही नको! आधी घरी जा आणि खिडक्या उघडा. तुम्हाला घरी जाळायला दिलेला कोळसा या स्पिरिटसारखा नाही. तो आधीच जाळून काढलेला असतो म्हणून त्याला धूर नाही. पण त्यातून जो वायू येतो तो दिसत नाही. घड्याळवाले काका त्यानंच गेले. मी दाखल्यावर चुकीचं लिहिलं, ते मी दुरुस्त करणार आहे. आज दुपारी या पत्रेवाल्यांची बायको मरता मरता वाचली. चाळीस दिवसांचा नियम का होता ठाऊक आहे? चाळीस दिवसांनंतर तुम्ही ओलं लाकूड घालाल आणि घर धुरानं भरेल, तोवर महाराज दुसऱ्या शहरात असतील!"

माणसं दाराकडे धावली. चेंगराचेंगरी होता होता राहिली. महाराजांना आणि चेल्यांना पोलीस घेऊन गेले. त्या संध्याकाळी अजून तीन घरांतून डोकं धरून बसलेली माणसं बाहेर काढावी लागली. त्यांत एक बाळंतीण होती.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. काकांचा पुतण्या दुकानात येऊन पत्रेवाल्याला म्हणाला, "काकांना समाधी लागली असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. तुम्ही म्हणता ते खरं असेल, तर ते एकटे गुदमरून गेले आणि मी त्या भोंदूच्या पाया पडलो. हे घेऊन मी कसा जगू?" पत्रेवाल्यानं पुतण्याला स्टूल दिलं आणि त्याला आपल्याजवळ बसवून घेतलं.

बायको दोन आठवड्यांनी हिंडूफिरू लागली. अजून तिच्या लक्षातून शब्द निसटायचे. एके दिवशी ती नवऱ्याच्या दुकानात आली आणि मांडलेल्या शेगड्यांपुढे गिऱ्हाइकासारखी उभी राहिली.

"ही दाखवा. हिच्यात काय काय जळतं?"

"वाळलेलं लाकूड, दाबून केलेल्या भुशाच्या कांड्या, दगडी कोळसा. जळण बदललं की खालची जाळी बदलायची. ओलं लाकूड नाही."

"धूर?"

"पेटवताना थोडा. मग अगदी कमी. धूर अजिबात नाही असं मी म्हणणार नाही."

"हवा कुठून जाते?"

त्यानं खालची झडप दाखवली, वर हवेसाठीची दुसरी भोकं दाखवली. इथून आलेल्या गरम हवेनं धूरच पेट घेतो, म्हणून जळण कमी लागतं आणि काजळी कमी होते, हे समजावून सांगितलं.

"आणि उरलेलं कुठे जातं?"

"धुराड्यातून छपराबाहेर. सांधे मी स्वतः बघेन. वर्षातून एकदा धुराडं साफ करायचं. आणि एक खिडकी बोटभर उघडी, थंडी कितीही असो."

"कधी बसवाल?"

त्यानं हातातली कातर खाली ठेवली. "आत्ता," तो म्हणाला, आणि शेगडी खांद्यावर घेतली.

दुकानाबाहेर दोन-तीन बायका थांबल्या होत्या. त्यांनाही शेगड्या बदलायच्या होत्या. लोकरवाली बाई जरा खाली मान घालूनच उभी होती. पत्रेवाल्याची बायको त्यांच्याजवळ थांबली.

"मला वाटलं, धूर दिसत नाही म्हणजे घरात काही वाईट नाही," ती म्हणाली. "त्या गोदामात मलाही विचारावंसं वाटलं होतं, की जळतंय ते जातं कुठे? पण एवढी माणसं टाळ्या वाजवत होती, मला लाज वाटली. तुम्ही लाजू नका. महाराज असू दे, डॉक्टर असू दे, नाहीतर माझा नवरा असू दे. आग घरात आणण्याआधी विचारा. उत्तर पटेपर्यंत विचारा. आणि कुणी सांगितलं की हात लावू नका, तर आधी तिथेच हात लावून बघा."