घरातली गाडी

गोरक्षचं देवळाली प्रवरात पंप-पाइपांचं दुकान होतं. उसाचा भाग, त्यामुळं बाराही महिने गिऱ्हाईक असायचं. नव्या मोटारी विकायच्या, जळालेल्यांचं वाइंडिंग करून द्यायचं, आणि तो बाहेर गेला की गल्ल्यावर बायको, विजयमाला. दोघांचं बरं चाललेलं होतं. घरात एक स्कूटर होती आणि माल आणायला टेम्पो भाड्यानं मिळायचा. गाडीची तशी काही नड नव्हती.

पण सत्त्याण्णव सालच्या संक्रांतीला त्याचा साडू श्रीमंत जामखेडहून एक गाडी घेऊन दारात उभा राहिला. श्रीमंत म्हणजे विजयमालाची धाकटी बहीण मुक्ता, तिचा नवरा. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीवर त्याचं घर चालायचं. ही गाडी मुंबईच्या एका व्यापाऱ्याची होती. जपानी, डिझेलवर चालणारी, ट्रकसारखी उंच. आत कातडी गाद्या, बटण दाबलं की काचा खालीवर, एका बोटानं फिरणारं स्टिअरिंग, आणि पुढं बसलं की पायावर गार वारा.

"दाखवायला आणलीय का विकायला?" गोरक्षनं विचारलं.

"बसून तर बघा," श्रीमंत म्हणाला. "बाहेर न्हाई द्यायची मला. घरातली गाडी घरातच ऱ्हावी."

गोरक्ष बसला. राहुरी फॅक्टरीपर्यंत जाऊन आला. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, आणि आपल्याला ते आवडतंय हे त्याचं त्याला कळत होतं. साडेतीन लाखांना सौदा झाला. साडू आहे म्हटल्यावर त्यानं गाडी ना कुठल्या मिस्त्रीला दाखवली, ना घाटात नेली.

पहिले पंधरा-वीस दिवस मोठ्या मजेत गेले. मग एका सकाळी मागची काच खाली गेली ती वर येईना. काचेची मोटार इकडं कुठं मिळत नव्हती; शेवटी लाकडाची पाचर ठोकून काच कायमची वर बसवली. थंडी होती तोवर सकाळी गाडी सुरू व्हायला अर्धा तास घ्यायची, त्याचे प्लग मुंबईहून मागवावे लागले. स्टिअरिंगचं तेल गळायला लागलं. त्या मापाचा टायर नगरमध्ये कुणाकडंच नव्हता. पण एवढी मोठी गाडी म्हटल्यावर हे व्हायचंच, असं म्हणून गोरक्ष खर्च करत राहिला. बाहेर कुणी विचारलं तर "एकदम मक्खन" असं सांगायचा.

एप्रिलमध्ये ती दोघं एका लग्नाच्या साड्या घ्यायला नगरला निघाली. विळद घाट निम्मा चढून झाला आणि उष्णतेचा काटा लाल पट्टीला टेकला. गार वारा बंद होऊन गरम झळ यायला लागली. गोरक्षनं गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. भर दुपारी डोंगराच्या कडेला तासभर दोघं उभी राहिली. नगरकडं जाणारी एसटी थांबली, विजयमालाला घेऊन गेली, आणि साड्या तिनं एकटीनंच घेतल्या.

नगरला एमआयडीसीच्या अलीकडं बन्सी मिस्त्रीचं गॅरेज होतं. जीप आणि टेम्पो यांवर त्याचा हात बसलेला होता. त्यानं आधी थर्मोस्टॅट बदलला. गाडी पुन्हा तापली. मग पाण्याचा पंप बदलला, तो मुंबईहून आला आणि महाग पडला. तरी तापलीच. मग त्यानं रेडिएटर उतरवला आणि आतून तांबूस-चंदेरी गाळ निघाला. बोटानं चोळला तर खडबडीत.

"ही पावडर हाय," बन्सी म्हणाला. "आतून गळत असलं की टाकत्यात. दोन-चार आठवडे गळती थांबते. मग हीच पावडर सगळीकडं अडकून बसते."

"म्हंजे कुणीतरी मुद्दाम टाकली?"

"आपोआप तर न्हाई पडत."

बन्सीनं इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं, तर त्याखालचं गॅस्केट जळालेलं होतं. हेड घासून सपाट करून आणलं, नवीन गॅस्केट घातलं, आणि बिल झालं तेवीस हजार. एवढ्यात दुकानाला पावसाळ्याचा पाइप भरून झाला असता. महिनाभर गाडी नीट चालली. मग इंजिनाचं तेल तपासायच्या कांडीवर तेलाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी यायला लागलं. बन्सीनं परत खोललं आणि या वेळी गोरक्षला बोलावून दाखवलं. हेडला केसाएवढी चीर होती.

"पहिल्या येळंला मला दिसली न्हाई," बन्सीनं सांगितलं. "खरं सांगायचं तर असलं इंजिन मी पहिल्यांदाच खोललंय. आता नवं हेडच पायजे. मुंबईत विचारलं. ऐंशी हजार, आणि यायला तीन महिने. त्यात आणि खालचं काय निघंल ते सांगता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी गोरक्ष एसटीनं जामखेडला गेला. नगर सोडलं की जमीन कोरडी होत जाते, आणि तो खिडकीशी बसून साडूला काय काय बोलायचं ते जुळवत होता. पण श्रीमंतच्या घरी मुक्तानं दार उघडलं. "दाजी, अचानक?" म्हणत पाणी दिलं आणि भाकरीचं पीठ काढायला बसली. जुळवलेलं निम्मं तिथंच गळालं.

श्रीमंत आला. गोरक्षनं त्याला अंगणात नेलं.

"पावडर तू टाकली व्हती का?"

श्रीमंत चपलेनं माती उकरायला लागला. "टाकली न्हाई. पण टाकलेली हाय हे ठाव हुतं. मुंबईवाल्यानं सांगितलं, जरा तापते, सावकाश चालवली तर काय न्हाई. मला वाटलं, तुमी गावातल्या गावात फिरवनार."

"मला सांगायला काय झालं हुतं?"

"सांगितलं असतं तर घेतली नसती तुमी. माझे पैसे अडकलेले, दाजी. त्या टायमाला दुसरा मार्ग दिसंना."

गोरक्षच्या तोंडात शिवी आली होती. घरातून मुक्ताच्या भाकरी थापायचा आवाज येत होता. त्यानं शिवी गिळली आणि जेवला. जेवताना कुणी गाडीचा विषय काढला नाही.

आठवडाभरानं श्रीमंत स्वतःच देवळालीला आला. त्यानं तोड काढली होती. नगरचे भीमराज वकील जामखेड, कर्जत, श्रीगोंदा असे कोर्टाच्या कामानं सतत फिरायचे. त्यांची पाठ धरलेली, लहान गाडीत खड्डे सोसेनात. त्यांना अशीच उंच, मऊ बैठकीची गाडी हवी होती. बन्सीकडून हेड जसं आहे तसं बसवायचं, पावडरीचा नवा डबा ओतायचा आणि गाडी दाखवायची.

"म्हंजे तू मला केलं ते मी त्यांला करू?"

"तुमाला दुसरं काय सुचतंय का?"

गोरक्षला वाटलं, निदान विजयमाला तरी नको म्हणेल. पण ती म्हणाली, "जाऊ द्या एकदाची दारातनं. मुक्ता आता फोनवर बोलत न्हाई माझ्याशी नीट. मला बहीण ऱ्हायला पायजे. गाडीचं काय व्हायचं ते होऊ द्या."

बन्सीनं पावडर टाकायला आढेवेढे घेतले नाहीत. त्यानं असे डबे आधीही ओतले होते.

भीमराज वकील ठरल्या दिवशी देवळालीला एसटीनंच आले. पन्नाशीचे, उंच, हातात कापडी पिशवी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर पाहिले, पाचर ठोकलेली काच पाहून हसले. मग पुढच्या सीटवर पाठ टेकून बसले आणि डोळे मिटले.

"चांगली आहे हो बैठक," ते म्हणाले. "चला, नगरपर्यंत जाऊन बघू. मला तिकडंच उतरायचं आहे."

गोरक्ष चालवत होता. राहुरी मागं पडली. वकील मोकळं बोलणारे होते. वडील सोलापूरकडं गिरणीत होते, आपण घरातला पहिला पदवीधर, वगैरे सांगत होते. मग म्हणाले, "वापरलेली गाडी घ्यायला मी घाबरतो. आपल्याला त्यातलं कळत नाही. पण श्रीमंतनी सांगितलं, साडूची आहे, घरातली गाडी आहे. म्हणून आलो."

घाटाचा पहिला चढ समोर दिसत होता. काटा अजून मध्यावर होता. आज गाडी घाट चढणार, हे गोरक्षला ठाऊक होतं. पावडर ताजी होती. वकील ती घेणार, आणि दोन-चार आठवड्यांनी कर्जतच्या रस्त्यावर कुठंतरी बॉनेट उघडून उभे राहणार. पाठ धरलेला माणूस. गोरक्षला ते चित्र इतकं स्पष्ट दिसलं की त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" वकिलांनी विचारलं.

"काय न्हाई झालं. व्हईल ते सांगतो." आणि त्यानं सगळं सांगितलं. हेडची चीर, पावडर, ऐंशी हजार. श्रीमंतचं नाव मात्र घेतलं नाही. "मलाबी असंच कुणीतरी दिलं," एवढंच म्हणाला.

वकिलांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. "म्हणजे आज सकाळी निघताना तुम्ही मला फसवायलाच निघाला होता."

"व्हय."

"मग माझा दिवस फुकट घालवलात." ते उतरले, पिशवी घेतली. जाता जाता वळून म्हणाले, "तुम्हाला ज्यानं दिली त्याच्यावर केस करायचा विचार असेल तर करू नका. जुन्या गाडीला हमी नसते, आणि कागद तुमच्याकडं काही नसेल." हात दाखवून त्यांनी एक ट्रक थांबवला आणि नगरला गेले.

घरी विजयमाला दोन दिवस त्याच्याशी जेवणापुरतंच बोलली. श्रीमंतचा फोन आला तेव्हा तिनंच उचलला आणि "न्हाई घेतली त्यांनी" म्हणून ठेवून दिला. गाडी दुकानामागं उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसायला लागल्या.

मार्ग गोरक्षला दुकानातच सुचला. एक शेतकरी जळालेलं पंपाचं इंजिन घेऊन आला होता. त्याचे भाग आता मिळत नाहीत, असं गोरक्ष त्याला समजावत होता. "मग काय टाकून देऊ?" शेतकऱ्यानं विचारलं. "टाकून कशाला? फाउंडेशन तेच ठेवायचं, त्यावर दुसऱ्या कंपनीचं बसवायचं," गोरक्ष म्हणाला, आणि बोलता बोलताच थांबला.

संध्याकाळी त्यानं बन्सीला फोन लावला. "आपल्या इकडल्या टेम्पोचं डिझेल इंजिन त्याच्यात बसंल का?"

"मुंबईकडं बसवत्यात म्हंत्यात," बन्सी म्हणाला. "मी केलं न्हाई. पट्टी बनवून घ्यावी लागंल गिअरबॉक्सला जोडायला. गाडी पळणार न्हाई पयल्यासारखी. आणि आवाज येईल."

"तापंल का?"

"त्याचं हेड फुटलं तरी राहुरीत मिळंल."

इंजिन श्रीमंतनं शोधलं. आष्टीजवळ उलटलेल्या टेम्पोचं होतं, फारसं न चाललेलं. भाड्याच्या गाडीत टाकून तो स्वतःच ते नगरला घेऊन आला. गोरक्षनं पैसे विचारले तर म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या." गोरक्षनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या विषयावर दोघांत यापेक्षा जास्त बोलणं कधीच झालं नाही, पण श्रीमंत पुढचे बारा-पंधरा दिवस गॅरेजातच राहिला. लेथवर पट्टी करून घेतली ती दोनदा चुकली. इंजिन उंच असल्यानं बॉनेट लागेना, मग एअर फिल्टर बाजूला सरकवला. गार हवेचं यंत्र बसायला जागाच उरली नाही, ते काढून ठेवलं. स्टिअरिंगची मदतही गेली; आता चाक वळवायला दोन्ही हात आणि खांदे लागायचे. आरटीओत नव्या इंजिनाची नोंद करायला श्रीमंतच चार खेपा गेला.

आषाढात एका सकाळी श्रीमंतसकट तिघे घाटात गेले. बन्सी चालवत होता, गोरक्षची नजर काट्यावर. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धडधडत चढत होती. खताच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर मागं टाकला, तेवढंच. माल भरलेला एक ट्रक त्यांना ओलांडून गेला. वर पोहोचेपर्यंत काटा मध्याच्या पुढं सरकला नाही. बन्सीनं बिडी पेटवली आणि गाडी वळवून घेतली.

सगळा हिशोब केला तर गोरक्षला ती गाडी नव्या जीपेपेक्षा महाग पडली होती. हे विजयमालानं त्याला एकदाच ऐकवलं. मग तिनं मागची कातडी सीट काढायला लावली, आणि तिथं पाइपांची बंडलं आणि मोटारी जायला लागल्या. टेम्पोचं भाडं वाचलं.

दिवाळीला ती दोघं तीच गाडी घेऊन जामखेडला गेली. वाटेतलं कडा गाव सोडल्यापासून धूळ उडत होती, आणि आवाजामुळं बोलायचं तर ओरडावं लागत होतं. दारात पोहोचली तेव्हा मुक्ता हात पुसत बाहेर आली.

"मला वाटलं, सिमेंटचा टेम्पो आला," ती म्हणाली.

विजयमाला पायरीवर जपून पाय ठेवत उतरली. अंगभर धूळ होती. "टेम्पोच म्हन," ती म्हणाली. "तोंड धुवायला पाणी दे आधी." मग दोघी बहिणी आत गेल्या, आणि बऱ्याच वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. बाहेर श्रीमंतनं बॉनेट उघडलं होतं आणि गोरक्ष त्याला एक सैल झालेला पट्टा दाखवत होता.