झाकणाच्या आतली कोंबडी

तळहाताएवढं इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, बाहेरून जुन्या काळ्या रंगाचे पापुद्रे, आतून तेलाची तपकिरी साय... स्तोइमेननं ते रॉकेलच्या थाळीतून काढून निथळू दिलं आणि नेहमीसारखी थाप सोडली.

“कुणाचा विश्वास बसणार नाही दोन्का, पण या इंजिनात एकदा साप राहत होता. चढ लागला की झोपायचा. म्हणून तुझ्या वेल्चोची गाडी चढावर बसायची.”

“आणि उतारावर?”

“उतारावर जागा व्हायचा. वारा खायला.”

दोन्का हसली नाही, गहू निवडत राहिली. शनिवारी तिच्या नवऱ्याला, वेल्चोला, जाऊन वर्ष होणार. चर्चमध्ये त्याच्या नावानं शिजवलेले गहू न्यायचे, आणि अंगणात त्याची मोटारसायकल नव्या रंगात उभी दिसली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. फाटकावर डकवलेल्या श्रद्धांजलीच्या कागदातून वेल्चोचा फोटो दोघांकडे बघत होता. सकाळीच ती म्हणाली होती — झाकणाच्या आत माझं काहीतरी आहे, लग्नाआधी त्यानं कोरलेलं, तेवढं सांभाळ.

आत काही नाही, हे स्तोइमेनला रॉकेलशिवायही ठाऊक होतं. जे होतं ते त्याच्या स्वतःच्या शेडमध्ये, त्याच्या स्वतःच्या गाडीत होतं, आणि दरवेळी तेल बदलताना ते त्याच्याकडे बघायचं... दोन्ही गाड्या एकाच खेपेतल्या, जुळ्या. वेल्चो सैन्यात गेला तेव्हा आपली गाडी स्तोइमेनकडे ठेवून गेला, तिचं इंजिन एका फटक्यात सुरू व्हायचं, आणि स्तोइमेनच्या स्वतःच्या गाडीचं दम्याच्या म्हाताऱ्यासारखं खोकायचं. एक रविवार पुरला. इकडचं इंजिन तिकडे, तिकडचं इकडे. त्यानंतर टेकडीची शर्यत स्तोइमेन तीनदा जिंकला आणि परत आलेल्या वेल्चोला गावानं ढकल्या म्हणायला सुरुवात केली. तो इंजिनाला कधी बोलला नाही, म्हणायचा, माझाच हात जड. मग स्तोइमेन त्याला गाडीला हातच लावू देईना — तू बस, मी बघतो — चाळीस वर्षं फुकट दुरुस्ती, आणि गाव म्हणे, सख्खा भाऊ करणार नाही इतकं करतो.

दोन्का कॉफी आणायला आत गेली. बाकावर पडलेला खिळा त्यानं उचलला आणि झाकणाच्या आत कोरायला घेतलं. हाताला सगळं पाठ होतं: वाकडी चोच, फुगलेलं पोट, आणि वेल्चोला चित्र येत नसल्यामुळे पाय तीन. ओरखडे फार चमकले, म्हणून त्यानं त्यात काजळी चोळली, वॉटर पेपरनं घासून कडा बोथट केल्या, मग थिनरच्या बोळ्यानं सगळं पुसलं. थिनरनंतर उघड्या बोटानं शिवायचं नाही. बोटाचं तेल रंगाखाली राहतं आणि नेमका तिथूनच पापुद्रा उठतो — हे त्यानंच वेल्चोला शिकवलं होतं, किती ठसक्यात.

“सापडलं बघ,” तो म्हणाला. “तेलाखाली दडलं होतं. अगं, बोट नको—”

पण तिनं झाकण घेतलंच. तिचं बोट चोचीवरून पोटावर आलं, खाली उतरलं, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या पायावर थांबलं.

“आमच्या दारात आला त्या पहिल्याच दिवशी आईची कोंबडी चाकाखाली घेतली होती मेल्यानं,” ती म्हणाली. “मी तुला काय कोरलंय ते सांगितलं होतं का रे?”

“नाही... पण साफ करताना—”

“खोटारड्या. तो गेला त्याच आठवड्यात मी हे उघडलं होतं. भाजीच्या सुरीनं. आत काही नव्हतं.”

झाकणाला चारच स्क्रू. भाजीची सुरी. स्तोइमेनला एवढंच ऐकू आलं. आपण पाना फिरवत असताना वेल्चो शेजारी बॅटरी धरून उभा राहायचा आणि विचारायचा, “काय रे, भेटला का तुझा साप?” — आणि हसायचा, सापाची गोष्ट आवडल्यासारखा, पण नेहमी किंचित उशिरा... चार स्क्रू, आणि ती सुरी वेल्चोच्याच घरात होती की, चाळीस वर्षं; त्यानंही कधीतरी उघडून पाहिलं असेल. बोळा हातात गार पडत चालला होता. दोन्का उत्तराची वाट बघत होती. “तो साप...” त्यानं सुरुवात केली.